सतरा नंबरचा गड्डा

प्रिय दादा,

तुझा निरोप मिळाला. चार दिवसांनी त्याची आठवण करून देणारा निरोपही मिळाला आणि काल वहिनीने फोन करून मी आजारी तर नाही ना, अशी चौकशीही केली. आजारी नाही. बाबांच्या नावाच्या बागेचं उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे, दगडावर नाव कोरून झालं आहे, पाहुणे ठरले आहेत आणि त्या दगडासमोर लावायला तुला सतरा नंबरची वीस रोपं हवी आहेत, हे सगळं मला कळलं. सतरा नंबर म्हणजे तू ज्याला बाबांचं फूल म्हणतोस ते. फोनवरही उत्तर देता आलं असतं, पण फोनवर तू माझं वाक्य अर्ध्यात तोडतोस आणि उरलेलं स्वतःच पूर्ण करतोस. कागदावर ते तुला जमणार नाही.

आधी इथली, रोपवाटिकेची खबरबात. पाण्याची मोठी टाकी गळत होती, ती दुरुस्त झाली. शेडचं दार अजून तसंच आहे, खांद्याने ढकलल्याशिवाय उघडत नाही. सायबेरियन आयरिस ऐन बहरात आहेत, जपानी फुलायला अजून तीन-चार आठवडे. दोन्हींतला फरक तुला पुन्हा सांगते, कारण तो तुला कधीच कळला नाही. सायबेरियनची पानं गवतासारखी अरुंद, फूल मुठीएवढं, निळं, जांभळं नाहीतर पांढरं, आणि काही लाड न करता दरवर्षी हजर होणारं. जपानीचं फूल म्हणजे जेवणाच्या बशीएवढं सपाट. त्याला खत हवं, पाणी हवं आणि वर नखरे सोसणारं माणूस हवं. बाबांनी चाळीस वर्षं जपानीच केली. माझ्या सायबेरियनना ते गवत म्हणायचे आणि गिऱ्हाईक ती मागायला आलं की तोंड वाकडं करून मला हाक मारायचे. बाबा गेल्यावर वर्तमानपत्रात तुझा फोटो आला होता आठवतं? खाली छापलं होतं, वडिलांच्या अखेरच्या फुलासोबत. तू माझ्या गवतात उभा होतास, दादा. पोट धरून हसले त्या दिवशी, आणि मग खताच्या गोण्या उचलायला गेले.

सतरा नंबर कसं झालं ते तू शोकसभेत सगळ्यांना सांगितलंस, आता माझ्याकडून ऐक. बाबांचे हात कापायला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. तुला ते माहीत नव्हतं, कारण तू यायचास तेव्हा ते हात खिशात घालून बसायचे. संकर करायचा म्हणजे सकाळी कळी उमलायच्या आत ती बोटांनी हळूच उघडायची, तिचे पुंकेसर चिमट्याने काढून टाकायचे, दुसऱ्या फुलाचा पराग आत टेकवायचा, कळी दोऱ्याने बांधायची आणि तिला चिठ्ठी लावायची. कापऱ्या हातांचं काम नाही ते. मी करायचे आणि बाबा स्टुलावर बसून चुका काढायचे. त्या सकाळी मी एका पांढऱ्या जपानीवर जांभळ्या शिरांच्या एका जुन्या जातीचा पराग टेकवला. ती जात कुणी विकत घ्यायचं बंद झालं होतं. मी कळी फुकट घालवली, असं बाबांचं मत पडलं. पण शेंग धरली, बी पेरलं आणि तिसऱ्या वर्षी रांगेतलं सतरावं रोप फुललं. शुभ्र पाकळ्या, आणि मधून निघालेल्या जांभळ्या शिरा कडेच्या बोटभर अलीकडे एकदम थांबलेल्या. असं फूल आपल्याकडे कधी झालं नव्हतं. बाबा त्या दुपारी जेवायलाच आले नाहीत, वाफ्याजवळ स्टूल टाकून बसून राहिले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

बोलले, पण तुझ्याशी. त्याच आठवड्यात तू दोन दिवस आला होतास. बाबांनी तुला वाफ्याकडे नेलं आणि सांगितलं की आयुष्यभर जे साधत नव्हतं ते या वयात त्यांना साधलं. मी दोन पावलं मागे पाण्याची नळी धरून उभी होते. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी गप्प राहिले, कारण म्हाताऱ्या माणसाचं एवढंसं सुख काढून घ्यायला जीभ रेटेना. शिवाय वाटलं, तू गेलास की माझ्याशी बोलतील. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा फुललं, तेव्हाही बोलले नाहीत. आपल्याकडचा नियम तुला निदान ऐकून माहीत असेल. नवं रोप तीनदा फुललेलं पाहिल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही, तोवर नुसता नंबर. आणि नाव पडेपर्यंत त्याचे फुटवे काढून वाटायचे नाहीत, मुळांचा अख्खा गड्डा एकाच जागी राहू द्यायचा. मी तिसऱ्या फुलाची वाट पाहत होते. नाव मी मनात ठरवून ठेवलं होतं, ते आता कुणालाच सांगणार नाही. त्या तिसऱ्या फुलाच्या तीन महिने आधी बाबा गेले.

शोकसभेत तू छान बोललास. वकील आहेस, बोलणारच. बाबांच्या स्थिर हातांबद्दल बोललास, कळीतून पराग काढतानाची त्यांची बोटं तू डोळ्यांसमोर उभी केलीस, मलासुद्धा क्षणभर खरं वाटलं. आणि मग, तिसरं फूल यायचं बाकी असताना, तू त्या रोपाला बाबांचं नाव देऊन टाकलंस. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. माझाही उल्लेख झाला, नाही कशाला म्हणू. मी बाबांना औषधं वेळेवर दिली म्हणे.

मग तू रक्षेचा डबा घेऊन आलास. बाबांची रक्षा त्यांच्याच फुलाच्या मुळाशी घालायची, ही कल्पना तुझी. आत्या रडली, काकांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. कोंब नुकते बोटभर वर आले होते. दादा, जपानी आयरिसला चुना चालत नाही. आपल्या नळाचं पाणी जड, चुनखडीचं, म्हणून बाबा इतकी वर्षं टाक्यांत पावसाचं पाणी साठवत होते. लहानपणी भिंत रंगवून उरलेली चुन्याची बादली तू वाफ्याच्या कडेला ओतलीस तेव्हा तुझ्या पाठीत दोन दणके बसले होते, ते याचसाठी. हाडांची राख म्हणजे चुन्याचाच भाऊबंद, शिवाय खारट. सायबेरियनने एखादवेळ पचवलीही असती. जपानीच्या मुळाशी तो अख्खा डबा म्हणजे विष. एवढी वर्षं या घरात वाढून तुला ते कळलं नाही, ते सोड. मला कळत होतं. हीच जागा ना, असं आत्याने मला विचारलं आणि मी मान हलवली. सतरा नंबर कुठला तेही तुला मीच बोटाने दाखवलं, कारण नुसत्या कोंबांवरून तुला तो ओळखता आला नसता.

तुमची गाडी गेल्यावर लगेच गड्डा काढून, मुळं धुऊन दुसरीकडे लावला असता तर तो वाचला असता. फावडं घेऊन गेलेही होते. मग मनात आलं, ही माती खरवडायची म्हणजे बाबांनाच घमेल्यात भरायचं, आणि ते घमेलं रिकामं कुठे करायचं? पुढे वर्षभर मी स्वतःला हेच सांगत राहिले. खोटं आहे ते. फावडं मी भिंतीला टेकवून ठेवलं, कारण तुझ्या तोंडून ते नाव ऐकल्यापासून मला ते फूल नकोसं झालं होतं. पानं आधी टोकांकडे पिवळी पडली, मग सगळीच. त्या वर्षी फूल आलं नाही. पुढच्या वर्षी कोंबही आले नाहीत. खणून पाहिलं तर मुळांचा नुसता भुसा हाताला लागला. तू फोटो मागितलास तेव्हा मी आधीच्या वर्षीचा पाठवला. इतक्या वर्षांत मला एकदाच काहीतरी असं साधलं होतं आणि ते मी डोळ्यांदेखत मरू दिलं. बाबांवरचा राग म्हण, तुझ्यावरचा म्हण. त्यात त्या रोपाने काय घोडं मारलं होतं, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

पण हे सांगायला मी बसलेच नव्हते. परवा मी माझी वीस पांढरी सायबेरियन वाफ्यातून काढली, मुळांना ओलं गोणपाट गुंडाळलं आणि खोक्यांत भरली. ती जात माझी, संकर माझा, नोंद माझ्या नावावर. उद्घाटनापर्यंत बहर ओसरून नुसती पानं उरली असती, तुला फरक कळला नसता, पाहुण्यांना तर नाहीच. तू खूश झाला असतास, आत्या पुन्हा रडली असती आणि सतरा नंबरचं मरण कायमचं झाकलं गेलं असतं. शेवटी खोक्यात ठेवायची चिठ्ठी लिहायला कागद घेतला. त्यावर रोपाचं नाव म्हणून मी बाबांचं नाव लिहिलं, स्वच्छ अक्षरात, माझ्या हाताने. लिहून झाल्यावर वाचलं आणि मला शिसारी आली. एकदा तुम्ही दोघांनी माझं घेतलंत, दुसऱ्यांदा मी आपणहून खोक्यात भरून द्यायला निघाले होते. तो कागद फाडला, आणि त्याच्या जागी हे लिहिलं. रोपं आज सकाळी परत वाफ्यात लावली आहेत. लोकांना काय सांगायचं ते तू बघ, बोलणं तुला येतं. दगडासमोर खड्डे घेऊन झाले असतील तर बुजवून टाक. माझ्याकडून काही येणार नाही.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
बारकी