मंगलाच्या नावावर चढलेला बदल

६ ऑगस्ट २००१, सोमवार

आज अकरा मिनिटं आमच्या ऑफिसात कुणाकडेच काही नव्हतं. सात वर्षांचं सगळं काम गायब!

झालं असं — सकाळी लाइट गेली, यूपीएसनं मान टाकली, सर्व्हर बंद. हा सर्व्हर म्हणजे आमच्या प्रोग्रॅमांचं दफ्तर. कुणी कोणती ओळ बदलली, कधी बदलली, का बदलली, सगळं त्यात राहतं. लाइट आल्यावर मी घाईघाईत तो चालू केला आणि जुनं काम कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगायलाच विसरले. त्या शहाण्यानं विचारलंही नाही! मी त्या वेळी ज्या फोल्डरमध्ये होते तिथेच नवा कोरा संसार मांडला आणि म्हणाला, तयार.

आमची प्रोग्रॅमर मंगला ओरडली, "शशीताई, माझ्या फायली कुठे गेल्या?" गजाननजी केबिनमधून धावत आले. मला कळेपर्यंत अकरा मिनिटं गेली. बंद केला, खऱ्या फोल्डरचं नाव देऊन पुन्हा चालू केला. सगळं जागच्या जागी. जुनं कुठे गेलंच नव्हतं.

मिल बंद पडल्यावर या वयात दुसरी नोकरी मिळाली ती या सर्व्हरच्या जिवावर. तो कोरा दिसला तेव्हा पहिला विचार कामाचा नाही, नोकरीचाच आला. इथे खोटं कशाला लिहू?

७ ऑगस्ट

आता तोंडी कारभार बंद. सर्व्हर चालू होताना त्याला काय काय सांगायचं ते एका फाइलमध्ये लिहून टाकलं. फोल्डर हा. पोर्ट, म्हणजे आत यायचं दार, हा. बदलांच्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर. डिस्क सारखी भरते, म्हणून कोण कुठल्या मशीनवरून आलं हा तपशील ठेवायचा नाही. आणि शेवटचं — पासवर्ड मागायचा की नाही?

गजाननजींना विचारलं. हे आमचे मालक. आजोबा होळकरांच्या फौजेत होते, हे कुरिअरवाल्यालाही सांगून झालंय. म्हणाले, "अरे शशीताई, सहा तो लोग हैं अपन! घरातल्या घरात कुलूप कायको?"

शून्य लिहिलं. म्हणजे नाव सांगा आणि आत या.

खरं तर मलाही तेच सोयीचं. कुणाला लवकर निघायचं असलं आणि बदल सर्व्हरवर चढवायचा राहिला असला की मागे राहिलेला म्हणतोच, "तू जा, तेरे नाम से मैं चढ़ा देता हूँ." पहिल्यापासून आमच्याकडे असंच चालतं.

८ ऑगस्ट

आज सर्व्हर आपला आपण नीट चालू झाला. मी नुसती बघत उभी होते. बरं वाटलं!

२० ऑगस्ट, सोमवार

वाईट झालं.

देवासकडच्या एका पशुखाद्य कारखान्यात मिश्रणाचं सॉफ्टवेअर आमचं आहे. त्यात मिठाचं प्रमाण दीड टक्क्याऐवजी पंधरा टक्के गेलं. दशांशचिन्ह एक घर सरकलं, बस्स. ढीगभर खाद्य वाया. त्यांच्या एका माणसानं चिमूटभर जिभेवर ठेवलं म्हणून जनावरांपर्यंत गेलं नाही, नाहीतर काय झालं असतं, कल्पना करवत नाही.

गजाननजींनी मला बोलावलं. "किसने किया, निकालो." एका मिनिटाचं काम. १६ ऑगस्ट, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. नाव — मंगला. कागद छापून त्यांच्या हातात दिला. मंगला समोरच उभी होती. पांढरी पडली. "मी नाही केलं, सर," एवढंच म्हणाली.

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "कागद थोड़ी झूठ बोलेगा!" महिनाअखेरीस तिनं जायचं, असं ठरलं. तिच्या घरी कमावती ती एकटीच. धाकट्या बहिणीचं, बेबीचं, कॉलेज तिच्यावर.

कागद मीच छापला.

२१ ऑगस्ट

झोप नाही. कागद खोटं बोलत नाही, खरं आहे. पण त्या बिचाऱ्याला माहीत तरी काय आहे? कुणीतरी स्वतःला मंगला म्हणवलं, एवढंच. पासवर्ड नाही, म्हणजे ती मंगला असेल, नाहीतर तिचं नाव सांगणारं कुणीही. मशीनचा तपशील असता तर कळलं असतं. तो मीच बंद ठेवलाय.

"तेरे नाम से चढ़ा देता हूँ" म्हणणारे सगळे आज मुके झालेत. त्यांना आपापली कातडी वाचवायची आहे. पण त्या कागदाची किंमत किती ते नेमकं मला माहीत आहे, आणि मीही गप्प! कारण मी बोलले की पुढचा प्रश्न येणार — उघडं कुणी ठेवलं?

२२ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गणपती बसले. जेवताना नानांना सगळं सांगितलं. वडील आता ब्याऐंशीचे. संस्थानाच्या वेळेपासून कारकुनी केलेली, कान अजून तिखट.

"आमच्याकडे नुसत्या नावावर शिपायाची बदलीसुद्धा होत नव्हती," म्हणाले. "खाली सही लागायची. तुमच्याकडे सही नसते?"

"नाही."

"मग त्या मुलीला कशावरून काढताय?"

आणि दुसरा मोदक घेतला. मी माझा पहिलाच ताटात ठेवून उठले.

२३ ऑगस्ट

आज बोलायचं ठरवलं होतं. नाही बोलले. भित्री!

२४ ऑगस्ट

मंगला डबा घेऊन एकटीच जिन्यात बसते. आज मी जाऊन बसले. तिनं विचारलं, "ताई, तुम्हाला तरी काय वाटतं? मी केलं असेल?"

म्हटलं, "मला माहीत नाही."

उत्तर अगदी खरं होतं. तरी तोंड कडू झालं. तिनं पोळी तशीच गुंडाळून ठेवली आणि आत गेली.

२७ ऑगस्ट, सोमवार

बोलले! बोलले म्हणजे करूनच दाखवलं.

सगळ्यांना माझ्या मशीनपाशी बोलावलं. सर्व्हरला नाव सांगितलं — गजानन. त्यानं मुकाट्यानं आत घेतलं. एका चाचणीच्या फाइलमध्ये लिहिलं, "उद्या सर्वांना सुट्टी", आणि चढवून दिलं. मग नोंद छापली. आजची तारीख, अकरा वाजून वीस मिनिटं, नाव गजानन. कागद त्यांच्या हातात ठेवला. "सर, हाही खोटं बोलत नाही ना?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गजाननजी हसले नाहीत. "मतलब इतने दिन सब खुल्ला पड़ा था? किसने रखा?"

"मी," म्हटलं. "त्या कागदावरून मंगलानं केलं असं म्हणता येत नाही. तिनं नाही केलं, असंही नाही. काहीच म्हणता येत नाही. तो कागद मी तुमच्या हातात द्यायलाच नको होता."

कुलूप कायको, हे कुणी म्हटलं होतं ते मी काढलं नाही. त्यांना आठवलं असावं, कारण तो कागद घडी करून त्यांनी स्वतःच्या खिशात घातला.

निकाल — मंगला राहणार. सर्व्हरचा चार्ज एक तारखेपासून बाहेरच्या माणसाकडे. मी ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घ्यायचे. एक्कावन्नाव्या वर्षी "हॅलो, बोला"! घरी येऊन खूप रडले. मग कढी केली.

२९ ऑगस्ट

जाता जाता घर नीट करून ठेवायचं. सुरुवातीच्या फाइलमध्ये दोन ओळी बदलल्या. पासवर्ड — हवाच. मशीनचा तपशील — ठेवायचा, डिस्क भरली तर भरू दे. सर्व्हर बंद करून चालू केला. प्रत्येकाला बसवून स्वतःचा पासवर्ड टाकायला लावला. मंगलाची पाळी आली तेव्हा मी तोंड फिरवून उभी राहिले.

तिनं अजून आभाराचा एक शब्द काढलेला नाही. आभारासाठी केलं नव्हतं, हे कबूल. तरी लागतंच की!

३१ ऑगस्ट, शुक्रवार

चार्जचा शेवटचा दिवस. सव्वानऊलाच आले, तर माझ्या आधी मंगला आलेली. सर्व्हरवर एक नवा बदल चढलाय. नऊ वाजून पाच मिनिटं, तिचं नाव, तिचा पासवर्ड, तिचंच मशीन. मिठाचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर गेलं तर मिश्रण थांबवायचं, एवढाच बदल. खाली वर्णनात लिहिलंय — "सोळा तारखेची चूक माझीच. शशीताईंनी माझ्यासाठी चार्ज गमावला तेव्हाही मी गप्प बसले. मंगला."

असा राग आला! वर्णन पुसायचा अधिकार संध्याकाळपर्यंत एकट्या माझ्याकडे आहे, आणि तिला ते ठाऊक आहे. ती मान खाली घालून बसली आहे. पुसा म्हणत नाही. दहाला सगळे येऊन वाचतील. मी पुसलेलं नाही. खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसले आहे.