माडामागचा माणूस

टीचर, तुमच्यावरचा माझा राग काल पुन्हा ताजा झाला. एसटी स्टँडसमोर, मासळी बाजाराच्या तोंडाशी, एक फ्लेक्स लागला आहे. त्यावरचं चित्र माझं आहे, आणि चित्रातल्या एका माणसाच्या अंगावर कोणीतरी माड उभा केला आहे. माझ्या चित्रातल्या माणसावर माड उभा राहण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी ब्रश तुमच्या हातात होता.

तुम्ही आता चर्चच्या मागे मातीखाली आहात. मेलेल्या माणसावर रागावू नये, असं आमच्याकडे म्हणतात. तुमच्याकडेही म्हणत असतील. पण मी आयुष्यभर जिवंत माणसांवर जाहीरपणे रागावत आले, माईकसमोर उभं राहून, टाळ्या घेत. तुमच्यावरचा राग तेवढा कधी व्यासपीठावर नेला नाही. तो घरातच राहिला, म्हणून टिकला.

नववीत होते. मासे विकणाऱ्या बाईची मुलगी, वक्तृत्वाचे सगळे कप शाळेला आणून देणारी. मुख्याध्यापक मला पाहुण्यांसमोर उभी करायचे. तुम्ही मात्र माझ्या बोलण्याचं कधी कौतुक केलं नाहीत. व्यसनमुक्तीवर पोस्टर स्पर्धा होती आणि मी चित्रात जे जे कोंबता येईल ते कोंबलं होतं: बाटली, बाटलीतून निघणारा साप, रडणारं मूल, जळणारं घर, वर लाल अक्षरांत घोषणा. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कागद बघितलात आणि वर्गात मराठी बोलायचा तुमचा नियम मोडून विचारलंत, "ह्या चित्र आसा की भाषण?" सगळा वर्ग हसला. तेव्हापासून दर शनिवारी दुपारी मी तुमच्या स्वयंपाकघरात. टेबलावर कागद, शेजारी व्हिनेगरच्या बरण्या, तुमच्या आई खुर्चीत डुलक्या घेताहेत. तुम्ही कागद भिंतीला टेकवायचात आणि म्हणायचात, "दाराशी जा. तिथून काय दिसतं ते सांग." मी सांगायची, "साप." "गोष्ट दिसते?" दिसत नसायची. साप गेला. पुढच्या शनिवारी घर गेलं. घोषणा जाताना मी रडले. उरला रस्त्यात पडलेला एक माणूस आणि रिकामी टोपली घेऊन त्याच्याजवळ थांबलेली बायको.

मग तुम्ही ते चित्र मासळी बाजाराच्या भिंतीवर लावलंत आणि मला त्याच्याकडे पाठ करून बसवलंत. तोंड बंद, कान उघडे. मला ते कसं जमणार? पहिल्याच बाईने "ह्या काय?" म्हटल्याबरोबर मी वळून समजावायला लागले, आणि तुम्ही दंडाला असा चिमटा काढलात की दोन दिवस तो निळा होता. "तू चित्राबरोबर घराघरात जातलंस काय? चित्राक तोंड नसता. तेका तेचा बोलूक दी." मी गप्प बसले. बायका आल्या, बघितलं, गेल्या. मग एकीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "हो पडलोलो दिसता. पण हेका पाजता कोण? तो खंय आसा?"

टीचर, तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमचा तो चेहरा मी विसरलेले नाही. जणू तुमच्या वाटणीचं काहीतरी त्या बाईने आणून दिलं होतं. त्या प्रश्नातून तो माणूस आला. काउंटरमागे स्वच्छ शर्टात उभा, ग्लास पुसणारा, हसरा. त्याच्यासाठी मी मागची सगळी जागा मोकळी केली. पुन्हा बाजारात लावलं, तेव्हा बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या आणि एकीने नुसतं "अगो बाय माझे!" म्हटलं. तुम्ही म्हणालात, "आता झालं." तुमच्या तोंडून हे दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होते.

चित्र पाठवायच्या आदल्या दिवशी संस्थेचे एक विश्वस्त चित्रकलेच्या खोलीत आले. हायवेवरचा बार कोणाचा, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. ते अगदी गोड बोलले. चित्र उत्तम आहे, टीचर. तेवढा काउंटरमागचा माणूस नको, मुलांच्या मनावर परिणाम होतो. त्या जागी एखादा माड घ्या. कोकण वाटेल.

ते गेले. तुम्ही हिरवा रंग काढलात. मी म्हटलं, टीचर, बाजारातल्या बायकांनी विचारलं होतं ना, पाजतो कोण? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पाणी बदलून आण."

मी पाणी बदलून आणलं. परत आले तेव्हा माणूस नव्हता. माड होता.

पहिलं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर नाव माझं, पण बक्षीस माडाचं. तेव्हापासून मला माड दिसला की माझं डोकं फिरतं. हॉटेलच्या पाटीवर माड, लग्नपत्रिकेवर माड, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बोर्डावर त्याच्या दोन्ही बाजूंना माड. बाहेरचे लोक म्हणतात, किती सुंदर तुमचं कोकण. मी बघते आणि विचार करते, ह्याच्या मागे कोण उभा होता?

तुमची नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती, सही त्या विश्वस्तांच्याच हातात होती, खुर्चीतली आई आजारी होती, हे मला फार उशिरा, तुम्ही गेल्यावर कळलं. लोक म्हणतात, कारण कळलं की राग शांत होतो. माझा नाही झाला. माणूस का वाकतो यावर मी कपाटभर पुस्तकं वाचली आहेत, तासन्‌तास बोलले आहे, वाकलेल्यांची बाजू मांडून त्यांना ताठ उभं करण्याचा प्रयत्न केला आहे. पण तुम्ही मला तुमची बाजू सांगितलीच नाहीत. त्या व्हिनेगरच्या वासात बसवून एकदा म्हणाला असतात, "मी घाबरलंय गो," तर मी तुमच्या बाजूने अख्ख्या गावाशी भांडले असते. चौदा वर्षांची होते, पण भांडले असते. तुम्ही मला पाणी बदलायला पाठवलंत.

आता दुसऱ्या माडाचं ऐका. रात्री समुद्रावर प्रखर दिवे सोडून मासळी गोळा करणाऱ्या बोटींविरुद्ध आम्हा मच्छीमारांचा मोर्चा आहे. समितीने पोस्टर माझ्याकडे दिलं, रेडीपासून देवगडपर्यंत किनाऱ्यावर लावायला. मी काढलं: पुढे रिकामी टोपली घेऊन चालणारी बाई, मागे दिव्यांनी लखलखणारी बोट, आणि जेट्टीवर बाईकडे पाठ करून उभा एक माणूस, त्याच बोटीची किल्ली बोटाभोवती फिरवणारा. समितीचे अध्यक्ष माझ्या वडिलांच्या वयाचे, चांगले गृहस्थ. त्यांनी चित्र लांब धरून बघितलं.

"बाय, चित्र झकास. पण जेट्टीवरचो तो माणूस आपल्यातलोच वाटता."

"आपल्यातलोच आसा, काका."

"तेच तर! भायरच्यांची बोट दाखव, आणखी मोठी दाखव. हेच्या जागेर एक माड टाक. कोकण वाटात."

टीचर, शब्दही तेच. समितीतल्या एकाच्या भावाची अशाच एका बोटीत भागीदारी आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी उठले आणि बोलले. काय बोलले! शत्रू फक्त बाहेरून येतो असं मानणारी माणसं स्वतःच्या घराचं दार उघडं ठेवून राखण करतात, इथपासून सुरुवात केली. संपल्यावर टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "काय बोलतंस गो! अंगार काटो इलो. माड मात्र टाक."

त्या टाळ्यांची मला जेवढी चीड आली तेवढी कोणत्या शिवीची आली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र घेतलं आणि बाजारात गेले. बर्फाच्या पेट्यांशेजारच्या भिंतीवर लावलं, क्रेट उलटा घातला आणि पाठ करून बसले. आईच्या वेळच्या दोघीतिघी अजून बसतात. "काय गो, आज भाषण नाय? घसो बसलो?" मी नुसतं हसले.

"ही बंदरार जाता की बंदरारसून येता?" एकीने विचारलं.

"जाता. टोपली रिकामी आसा. लिलाव व्हायचो आसा अजून."

"तर मग बरा आसा तिचा."

उपासमार म्हणून काढलेलं चित्र लोक सकाळ म्हणून वाचत होते. तोंडावर हात ठेवून बसले. तेवढ्यात मागून तिसरी म्हणाली, "मांजर काड गो. मासो असलो तर मांजर पायात घोटाळता. आमच्या आळयेतला मांजर आता माका बघून उठतसुद्धा नाय." सगळ्या खळखळून हसल्या. माझ्या सगळ्या भाषणांत मिळून त्या न उठणाऱ्या मांजराएवढी ताकद नव्हती.

मग त्यांची नजर जेट्टीवरच्या माणसावर गेली. एक म्हणाली, हा माझा दीर. दुसरीने त्याच्यात नवरा ओळखला, "पाठ बग, माझोच घोव." पुन्हा हशा. शेवटी सुके जवळे विकणारी म्हातारी उठून जवळ आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हो माझो झील."

कोणी हसलं नाही. तिचा मुलगा दिव्यांच्या बोटीवर कामाला आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती माझ्याकडे वळली. "पगार मिळता तेका. काय सांगू? जाव नको म्हणान सांगू? तू शिकलेला, तू सांग."

ह्या प्रश्नाची उत्तरं मी गावोगाव दिली आहेत. त्या क्षणी ती सगळी जिभेवर होती. दिली नाहीत. मला खलनायक हवा होता, टीचर, पाठमोरा, सगळ्यांनी मिळून थुंकायला सोयीचा. तिने त्याला चेहरा दिला. घरी येऊन मी मांजर काढलं: पायरीवर पसरलेलं, बाई शेजारून जाते आहे आणि ते डोळाही उघडत नाही. आणि जेट्टीवरच्या माणसाची मान वळवली. किल्ली तशीच बोटात, पण तो आता वळून बाईकडे बघतो. चेहरा नीट काढला. माणूस आता पहिल्यापेक्षा जास्त आपल्यातला झाला होता.

चित्र समितीला पाठवलं. अध्यक्ष फोनवर फक्त "बघूया" म्हणाले. आणि काल फ्लेक्स लागला. बाई आहे, मांजर आहे, बोट आहे. माणसाच्या जागी कॉम्प्युटरमधला माड. कुठल्याही वाऱ्यात न हलणारा, प्लॅस्टिकच्या पंख्यासारखा.

आज सकाळी ऑइलपेंटचे डबे घेतले, बर्फवाल्याकडून शिडी मागून आणली आणि त्या माडावर माणूस परत उभा करायला चढले. भर बाजाराच्या वेळी. ज्यांनी चित्र घडवलं त्यांच्यासमोर. बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या. "नाक मोठा काड गो, आमच्यात असला नाक नसता." "शर्ट नील लावलोलो दिसांदे, आई धुता तेचो." मी ऐकत होते, बदलत होते. अध्यक्ष स्कूटरवरून आले.

"बाय, खाली उतर. लोक बगतत."

"तेच्यासाठीच लावलो ना, काका?"

"सगळ्यांनी मिळून ठरवलेला होता!"

"बाजाराक कोणी विचारल्यान?"

खालून एकीने जोरात "होय तर!" म्हटलं. त्यांनी स्कूटरला किक मारली. "उद्या बैठकीक ये. थंय बोल," म्हणाले आणि स्कूटर वळवून गेले. उद्या मला समितीतून काढतील, कदाचित. काढू देत. जाणार आहे आणि बोलणार आहे.

जवळेवाली म्हातारी सगळ्यात शेवटी आली. मान वर करून तिने बाईकडे बघणाऱ्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बगता तरी," एवढंच म्हणाली आणि टोपली उचलून गेली.

घरी येऊन कपाटावरची गुंडाळी काढली. शाळेची जुनी खोली रिकामी करताना ते नववीतलं पोस्टर मला परत मिळालं होतं. ते मी कधी नीट उघडलं नव्हतं. खरं सांगते, मला एक आशा होती. वाटलं, इतक्या वर्षांत रंग उडाला असेल, माडाच्या खोडातून तो ग्लास पुसणारा हात दिसत असेल. तुम्ही मुद्दाम पातळ रंग लावला असेल, माझ्यासाठी. खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. काही दिसत नाही. रंग जाड आहे. तुम्ही काम चोख केलं होतंत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तुमच्या मातीवर ठेवून यायला मी काही तुम्हाला माफ केलेलं नाही. वाचलं असतंत तर म्हणाला असतात, घोषणा काढून टाक, अर्धं पुरे. ड्रॉवरमध्येच ठेवते. पण खिडकीशी उभी होते तेव्हा त्या माडाकडे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. खाऱ्या वाऱ्याने एका अंगाला झुकलेला, एक झावळी सुकून खाली लोंबणारी, खोडावर चढायच्या खाचा. घाईत, भीतीत काढलेला, आणि तरी कुठे तरी खरंच उभा असलेला. आज शिडीवरून माणूस रंगवताना मी त्या फ्लेक्सवरच्या माडाला शिव्या घालत होते, आणि ब्रश मात्र तुम्ही शिकवलात तसाच धरला होता.

माड चांगला होता, टीचर.