कॅलेंडरवरचं वजन

केतकी,

बाबांना घेऊन दवाखान्यात जातेय. कालचा रिपोर्ट चांगला नाही, त्यांना ॲडमिट करून घेणार आहेत. बाकीचं समोर सांगेन. तुला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलंय. परेशान होऊ नकोस. कुकरमध्ये वरण-भात आहे, आधी जेव.

डाएट सुरू केल्यापासून आम्हा दोघांचं वजन मी रोज कॅलेंडरवर लिहायचे. माझं किलोभर वाढलं की रुसून बसायचे. तू म्हणायचीस, आई, आवकायसारखं खारट लोणचं खाल्लं की अंगात पाणी धरतं, वजन असं वरखाली होणारच. बाबांचं मात्र चार महिने नुसतं उतरत होतं. एकदाही वर गेलं नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. ते भूक नाही म्हणायचे, मी त्याला निग्रह समजले. वर त्यांची एक भाकरीही कमी केली.

काल रागानं काटा माळ्यावर टाकलाय. तेवढा खाली काढून ठेव. ते घरी आले की रोज वजन करायचंय. एखाद्या सकाळी तरी वाढलेलं दिसू दे.

आई