उसना मळा

करमाळा
सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

आयु. बुद्धप्रिया हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. टेंभुर्णीला गाडी बदलल्यावर करमाळ्यापर्यंत उभीच होते, पण त्याची तक्रार तुझ्याकडे कशाला करू? पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की आई तो स्पीकरवर टाकते आणि सगळं घर ऐकत बसतं. शिवाय पोस्टाच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईने पत्र लिहायचं नाही, तर मग लिहायचं तरी कुणी?

मुद्द्याचं लिहिते. घरी येऊन चहा घेतला, कन्सोल उघडला, तर मळा नाही. शेतीच्या त्या गेमला आम्ही बहीण-भाऊ मळा म्हणतो हे तुला एव्हाना कळलं असेलच. तो रतनने त्याच्या खात्यावर विकत घेतलाय. प्रत एकच. तो मला उसना देतो, पंधरवडा झाला की मळा आपोआप त्याच्याकडे परत जातो, आणि पुन्हा द्यायचा तर दोन्ही कन्सोल शेजारी-शेजारी ठेवावे लागतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून मी दर दुसऱ्या रविवारी जुळे सोलापूरला येते. तुझं लग्न डिसेंबरातलं, तेव्हा हे तुझ्या आधीपासूनचं आहे.

काल मी आईजवळ बसले होते. रतन दारात येऊन म्हणाला की प्रियाला मळा दिला, कन्सोल पिशवीत ठेवलाय. त्याच्या त्या यादीत प्रिया म्हणजे मी. त्या घरातही प्रिया म्हणजे मीच, जन्मल्यापासून. रात्री फोन केला तर म्हणतो, यादीत आता दोन प्रिया आहेत, हिचाही कन्सोल पलंगावरच होता, चुकून तिकडे गेला. मी फोन ठेवून दिला. सध्या त्याचा फोन घेत नाही.

आता तुला एकच विचारते. उसना गेम आला की कन्सोल आधी विचारतो, घ्यायचा का म्हणून. माझा तरी दर वेळी विचारतो. तू ‘हो’ दाबलंस का?

माझं शेत माझ्या कन्सोलमध्ये आहे तसंच आहे, पण गेम नसला की ते उघडत नाही. म्हणजे शेत माझं आणि फाटकाची किल्ली तुझ्याकडे. आत माझी गाय उभी आहे. तिचं नाव मास्तर, आमच्या पोस्टमास्तरांवरून ठेवलेलं.

आईला जयभीम सांग. उत्तर लवकर धाड, त्यात गोड बोलणं जरा कमी असलं तरी चालेल.

तुझी नणंद,
धम्मप्रिया

———

जुळे सोलापूर
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

आयु. ताईंना,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव पूर्ण लिहिलेलं बघून बरं वाटलं. या घरात आल्यापासून ते कुणी पूर्ण घेतलेलं नाही.

गाडीत उभं राहावं लागलं हे वाचून वाईट वाटलं. पुढच्या वेळी दुपारच्या गाडीने निघा, गर्दी कमी असते म्हणतात.

मळ्याबद्दल तुम्ही विचारलंत. त्या वेळी मी ओट्यापासून खोलीपर्यंत येरझाऱ्या घालत होते, कन्सोलने काय विचारलं ते आता नीट आठवत नाही. चूक लक्षात आली तोवर तुमची गाडी सुटली होती. मी तो लगेच परत केला असता, तरी तुम्हाला द्यायला तुम्ही इथं हव्यात. नुसता पडून राहण्यापेक्षा थोडा खेळून बघावा म्हटलं. छान आहे हो. आता कळलं तुम्ही एवढा प्रवास का करता ते. मीही एक गाय घेतली आहे. तिचं नाव भेटल्यावर सांगेन.

काल नवी पेठेत गेलो होतो. कन्सोलला लाल कव्हर आणलं. आई म्हणाल्या, प्रियाला असले भडक रंग चालत नाहीत. मला चालतात.

आईंची तब्येत बरी आहे. दिपकरावांना जयभीम सांगा. माझ्यावरचा राग पंधरवड्यापुरताच ठेवा, एवढंच मागणं.

तुमची,
बुद्धप्रिया

———

(पोस्टकार्ड)

सोलापूर, १३ फेब्रु.

आयु. ताईस, जयभीम.

फोन उचल ना. तुला कार्ड लिहायला घरभर पेन शोधलं, शेवटी समोरच्या राजशेखरकाकांचं आणलं. चूक माझी, दोन कन्सोल, दोन प्रिया, आणि तुझी गाडी सुटायची घाई. पण उपाय सापडलाय. तुला मळ्याची वेगळी प्रत घेऊन देतो, तुझ्याच खात्यावर. कायमची तुझी. मग उसनं घ्यायला नको, टेंभुर्णीला गाडी बदलायला नको, हक्काचा रविवार एसटीत घालवायला नको. घरी बसून निवांत खेळ. झाली ना खूश? कार्ड उघडं आहे, तुझ्या ऑफिसातले सगळे वाचणार, म्हणून बाकीचं भांडण लिहीत नाही.

तुझा,
रतन

———

करमाळा
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

आयु. बुद्धप्रिया हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझ्या नवऱ्याचं कार्ड आलं. ऑफिसात खरंच सगळ्यांनी वाचलं आणि मला पेढे मागितले.

हा उपाय रतनच्या डोक्यातला नाही. त्याला मी ओळखते, त्याला गाडीची वेळसुद्धा लक्षात राहत नाही, माझ्या रविवारांची काळजी तो कधीपासून करायला लागला? दुपारच्या गाडीने निघा असं तू लिहिलंस, आता निघूच नका असं त्याने लिहिलं. म्हणजे तुमचं एकमत आहे.

तू गोड बोलतेस, मला ते जमत नाही, म्हणून सरळच लिहिते. मला तुझा हेवा वाटतो. तू आलीस आणि त्या घरात सगळं जागचं हललं. मागच्या वेळी चहा करायला गेले तर साखरेचा डबा सापडेना. ज्या घरात लहानाची मोठी झाले तिथं मला साखर कुठं आहे म्हणून विचारावं लागलं, आणि आईनेही तुझ्याकडे बघितलं, कारण तिलाही माहीत नव्हतं. माझ्या खुंटीवर तुझी ओढणी होती. रतन जेवताना आधी माझ्याकडे बघून हसायचा, आता तुझ्याकडे बघतो. हे सगळं रीतीचंच आहे, मलाही नवरा आहे, मला कळतं. कळतं म्हणून जळायचं थांबत नाही.

आणि तुला वाटतं मी एवढा प्रवास गेमसाठी करते. आमच्या सासूबाई स्वभावाने वाईट नाहीत, पण सुनेने सारखं माहेरी जाणं त्यांना रुचत नाही. मी एकदा सांगितलं की गेमची मुदत संपली, परत घ्यायला जावं लागेल. मुदत म्हटल्यावर त्या घाबरल्या. त्यांना वाटतं, वेळेवर गेलं नाही तर दंड बसेल. आता त्याच मला आठवण करून देतात, की प्रिये, रविवार आला, मुदत संपायची न्हाय का, जा बाई. दिपकला सगळं ठाऊक आहे, तो पेपरमागे तोंड लपवून हसतो. पण प्रत माझीच झाली की मुदत राहत नाही. मग मी कशाच्या नावाने यायचं? दिवाळीला आणि कुणाच्या लग्नाला?

तेव्हा तुला हवं होतं ते झालं. लाल कव्हर लखलाभ असो.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाईट वाटेल, आणि ती तुझ्याजवळ बोलेल, माझ्याजवळ नाही.

तुझी,
धम्मप्रिया

———

जुळे सोलापूर
बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६

आयु. ताईंना,
जयभीम, वि. वि.

गोड बोलणं कमी असलं तरी चालेल असं तुम्हीच लिहिलं होतं, तर आज अगदी नसलेलंच लिहिते.

हो, मी ‘हो’ दाबलं. बघून, समजून दाबलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, प्रियासाठी. तुमचं नाव आहे हे मला कळत होतं. पण ते माझंही आहे ना?

आमच्या अक्कलकोटला मी जन्मभर प्रिया होते. शाळेत, गल्लीत, सगळीकडे. मला बघायला तुमच्या घरचे आले त्याच दिवशी आई म्हणाल्या, आमच्यात प्रिया हाय की आधीच, हिला आपण बुद्धी म्हणू. सगळे हसले, मीही हसले. तुम्हीही हसला होता, ताई. तेव्हापासून मी बुद्धी. दूधवाल्यालासुद्धा मी बुद्धी. माहेरची आई, आमची अव्वा, तेवढी अजून फोनवर प्रिया म्हणते, आणि तो फोनही स्पीकरवर असतो. मग मागून आई विचारतात, प्रिया आली का हो फोनवर? तुम्हीच आला असं वाटून त्या धावत येतात, आणि मी आहे हे कळलं की परत जाऊन बसतात.

तुम्ही दर दुसऱ्या रविवारी येता. आमच्याकडे तुमचं येणं शुक्रवारपासून सुरू होतं. प्रियाला जाड कुटलेली शेंगाचटणी लागते, प्रियाला कडक भाकरी लागते, प्रियाची उशी उन्हात टाक. कुटते मी, भाजते मी, टाकते मी. मळ्यात मी पहिलं पीक काढलं तेव्हा यांना दाखवायला गेले, तर हे म्हणाले, ताईने याच्या दुप्पट काढलं होतं. हेवा तुम्ही एकटीनेच करायचा असं कुठं ठरलंय? मीही जळते.

साखरेचा डबा तुम्हाला सापडला नाही म्हणून आई नंतर उदास होत्या. तो जुन्या जागी ठेवला आहे. तिथं माझा हात पुरत नाही, मी पाट घेऊन चढते. ओढणी खुंटीवरून काढलेली नाही, काढणारही नाही. बाजूला दुसरी खुंटी ठोकून घेऊ.

वेगळ्या प्रतीची कल्पना माझी नव्हती. कार्ड पेटीत टाकून आल्यावर यांनी मला सांगितलं, आणि शाबासकी मिळेल म्हणून उभे राहिले. तुमचं पत्र काल आलं. ते वाचून मी यांना सांगितलं की प्रत अजिबात घ्यायची नाही. का, ते यांना समजलं नाही. मीही सांगितलं नाही. सासूबाईंची आणि दंडाची गोष्ट माझ्याजवळच राहील.

माझ्या गाईचं नाव ताई आहे. रागाने ठेवलं होतं. सकाळी तिच्याकडे गेलं नाही तर ती फाटकाशी येऊन हंबरत राहते, दुसरं काम करू देत नाही.

रविवारी माझ्याकडच्या मळ्याची मुदत संपते. चटणी कुटून ठेवते. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची,
प्रिया
(खोडणार नाही.)

———

करमाळा
शुक्रवार, २० फेब्रुवारी २०२६

आयु. प्रिया हिस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र आज आलं, जेवायच्या सुट्टीत वाचलं. मास्तरांनी विचारलं की काय झालं, मी म्हटलं मिरची लागली. तुला बघायला आलो त्या दिवशी मी हसले होते, ते मला आठवत नव्हतं. तुझ्या लक्षात राहिलं, म्हणजे चांगलंच हसले असणार.

हे नाव लिहिताना पेन अडखळलं, लपवत नाही. कागदावर तुला दिलं. रतनच्या यादीतही प्रिया तूच राहा, मला धम्मप्रिया करायला सांग. पण आईची हाक मी सोडणार नाही. ती रविवारी प्रिया म्हणाली की मी उठणार. तुला उठायचं असेल तर तूही ऊठ. आई ओट्यापाशी दोघींना एकदम बघून काय करते ते बघू. खुंटी मात्र डावीकडे ठोक, उजवीकडे पाइप आहे. आणि गाईचं नाव बदलू नकोस. माझ्या मळ्यात एक कुत्री आहे, दिसेल त्याच्यावर भुंकते, तिचं नाव अजून ठेवलेलं नाही. ते मी आता ठरवलंय.

एक गोष्ट फक्त तुला सांगते. तू रतनला अडवलंस, पण त्याआधीच त्याने कारभार उरकला होता. मळ्याची प्रत मंगळवारीच माझ्या खात्यावर येऊन पडली आहे. तुझ्या रागाला घाबरून त्याने तुला सांगितलं नसणार. एक बटण दाबलं की ती उतरेल आणि मास्तरचं फाटक उघडेल. चार दिवस कन्सोल हातात घेते आणि खाली ठेवते. दाबलेलं नाही.

दिपकला बोललेले नाही. सासूबाईंना आज सकाळीच सांगितलं की रविवारी मुदत संपते आहे. त्यांनी तुमच्यासाठी तिळाची चटणी बांधायला काढली आणि म्हणाल्या, पहिल्या गाडीनं जा, उशीर नगं. तेव्हा मी येते. परतताना मात्र दुपारच्या गाडीने निघणार नाही, शेवटच्या गाडीने निघेन.

दोन्ही कन्सोल पलंगावर ठेवू. रतनला हात लावू देऊ नकोस, बटण तू दाब. माझ्याकडे माझी प्रत आहे हे तुझ्या-माझ्यातच राहू दे. मला मळा उसनाच पाहिजे.

लोभ आहे की नाही ते अजून नक्की सांगवत नाही, पण चटणी जाड कुट.

तुझी ताई,
(गाय नव्हे)
धम्मप्रिया