चुलीपाशी येऊन मागायचं

१२ जानेवारी

चर्चमध्ये पुन्हा मीटिंग. पुन्हा रंगीत कागद.

मी म्हटलं, बाई, सह्या घ्यायच्यात. नऊ घरं, नऊ सह्या. आठ झाल्या. राहिली देओलिंदाची. जा, घे, संपलं. तर नोएलिया म्हणते, "मावशी, आधी प्रत्येकानं लिहू या, किनारा सोडताना काय सोडवत नाही."

रुदेसिंदोनं लिहिलं – बायको. सगळे हसले. त्याची बायको सगळ्यात जास्त.

नोएलिया म्हणजे घरकुल योजनेची पोरगी. राजधानीतून, सान्तियागोहून पाठवलीय. शिकलीय मानसशास्त्र. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, इथे वेडं कोण झालंय? म्हणाली, "एकेका माणसाचं नाही मावशी, वस्तीचं मानसशास्त्र." वस्तीला कसलं डोकं! वस्तीला गुडघे असतात, आणि ते दुखतात.

गेल्या हिवाळ्यात, जुलैत, भरतीचं पाणी दोन घरांत शिरलं. रुदेसिंदोच्या घरात पलंगाखालून बूट वाहून गेले. या हिवाळ्यात काय होईल कोण सांगणार. टेकडीवरची जमीन आमच्या वस्तीच्या समितीच्या नावावर झालीय, तेवढं तरी मी भांडून करून घेतलं. आता तिथे सरकार घरं बांधून देणार, पण अट एकच – सगळे चला, नाहीतर कुणालाच नाही. आणि ही मला कागद चिकटवायला लावते.

१५ जानेवारी

देओलिंदाकडे गेले. सरळ विचारलं, सही का करत नाहीस?

"चहा घे."

"चहा नको. सही."

"कागदावर लिहिलंय, जुनं घर पाडायचं."

"नवं मिळतंय ना?"

"नवं मिळतंय. पण हे पाडायचं."

म्हटलं, अगं, लाकूड आहे ते. लाकूड कुजतं. तर म्हणते, "तूही कुजतेयस ओर्फेलिना. तुला कुणी पाडायला येत नाही."

मी चहा न घेता निघाले. तिचं घर समोरच्या बेटावरून आलंय, तिच्या लग्नाच्या वर्षी. बोटींना बांधून, पाण्यावरून. हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून काय बाकीच्यांनी बुडायचं?

१६ जानेवारी

पाऊस. शिंपले काढायला गेले नाही.

२३ जानेवारी

नोएलिया आठवडाभर देओलिंदाकडे बसतेय. मी खिडकीतून पाहिलं – बटाटे किसत होत्या दोघी. सरकार हिला बटाटे किसायचा पगार देतं वाटतं.

संध्याकाळी माझ्याकडे आली. हाताला बटाट्याचा कीस तसाच. मी म्हटलं, केली का सही? म्हणाली, मी सहीचं काढलंच नाही. मग काय काढलं? "त्यांनी घर कसं आलं ते सांगितलं. बोटीत कोण कोण होतं, कुणी काय खाल्लं."

मला हसावं की रडावं कळेना. वर विचारते, "मावशी, पाण्यावरून आलेलं घर टेकडीवर जाईल का?"

जाईल का म्हणजे? आम्ही काय घरं ओढली नाहीत कधी? खाली ओंडके घालायचे, पुढे बैल जोडायचे, माणसं लावायची. माझ्या बापानं किती ओढली.

मग ती म्हणाली, घरकुल ऑफिसला किनारा रिकामा हवाय. घर पाडून रिकामा झाला काय, नेऊन झाला काय. ती साहेबाकडे बसून तेवढी ओळ बदलून घेईल.

हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. मी सह्या मोजत बसले होते.

२९ जानेवारी

ओळ बदलली. देओलिंदा म्हणाली, घर वर पोचलं की वरच सही करीन. ठीक.

आता काम माझ्या हातात. समितीची अध्यक्ष मी आहे. तारीख ठरवली, नऊ फेब्रुवारी, शनिवार. चर्चच्या दारावर नोटीस लावली – मोठ्या अक्षरात, 'घर ओढणे, सकाळी आठ, बैल आणणे'. फोनवरून सगळ्यांना मेसेज टाकला. नगरपालिकेला सांगून जेवणाचे डबे मागवले. देओलिंदाचे पाय सुजलेले असतात, पन्नास माणसांचं रांधणार कुठून? तिला जाऊन सांगितलं, तू काही करू नकोस, खुर्चीत बस नुसती.

ती काही बोलली नाही. चला, एक काम सोपं झालं.

९ फेब्रुवारी

कुणी आलं नाही.

खरंच कुणी नाही. मी, खुर्चीत देओलिंदा, बूट घालून नोएलिया, आणि डब्यांची गाडी घेऊन नगरपालिकेचा माणूस. त्याला सह्या हव्या होत्या, किती डबे वाटले त्याच्या. म्हटलं, घाल समुद्रात.

दहा वाजता रुदेसिंदोकडे गेले. अंगणात बैलांना गवत घालत होता.

"बैल का नाही आणलेस?"

"जेवतायत."

"आणि तू?"

"मीही. माझ्या घरी. डबा खायला मी काय ऑफिसात कामाला आहे?"

"निरोप मिळाला नाही?"

"मिळाला की. दारावर वाचला. हरवलेल्या कुत्र्याच्या कागदावर लावलायस." मग गवत टाकत म्हणाला, "कुत्र्याचा तरी फोटो होता."

मी त्याला वाटेल ते बोलले. आळशी, कृतघ्न, बूट वाहून गेले तेव्हा कुणाच्या घरी झोपला होतास. तो ऐकून घेत राहिला. बैलसुद्धा बघत होते.

परत आले तर देओलिंदा खुर्ची उचलून आत गेलेली.

१० फेब्रुवारी

डोकं दुखतंय. डबे कुत्र्यांनी खाल्ले, फोटोतल्यासकट. तो सापडला म्हणे.

नोएलिया आली. मला वाटलं आता कागद काढते – निराशा, निळ्या रंगात लिहा. तसं काही नाही. बसली, चहा प्याली. मग म्हणाली, "मावशी, मागायला कोण गेलं होतं?"

"मागायला कशाला? सांगितलं होतं सगळ्यांना."

"सांगितलं ते कळलं. मागायला कोण गेलं?"

मी चुलीत लाकूड सारलं. ते आधीच जळत होतं, तरी सारलं.

माझ्या बापानं घर नेलं तेव्हा दारोदार गेला होता. टोपी हातात. चुलीपाशी बसायचं, चहा घ्यायचा, पावसाचं बोलायचं, मग मागायचं. असं मागितल्यावर इथे कुणी नाही म्हणत नाही. म्हणताच येत नाही. आणि न मागता कुणी येतही नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण फोन आहे, दार आहे, नोटीस आहे – एवढा वेळ कुणाला आहे?

म्हटलं, बरं, उद्या मी जाते एकेकाकडे. घाईत उरकते.

नोएलिया म्हणाली, "घर तुमचं आहे का?"

तोंडात मारल्यासारखं झालं. पोरगी मात्र चहात साखर ढवळत होती.

११ फेब्रुवारी

देओलिंदाकडे गेले. या वेळी चहा घेतला.

ती म्हणाली, "माझं घर. मागायचं मी. रांधायचं मी. तू मला खुर्ची दिलीस."

"पाय सुजतात तुझे."

"सुजू देत. पाय माझेच ना?"

मी म्हटलं, चुकलं. ती म्हणाली, "पुन्हा म्हण, ऐकू आलं नाही." बहिरी नाही ती. म्हटलं पुन्हा.

१४ फेब्रुवारी

देओलिंदा निघाली मागायला. काठी टेकत. नोएलियानं गाडी काढली, तर हिनं गाडीत बसायला नकार दिला. गाडीतून उतरून काय मागणार म्हणते! नोएलिया मग दोन पावलं मागून चालतेय, गप्प. घरात जात नाही, बाहेर कुंपणाशी थांबते. एवढं बरीक शहाणपण आहे तिला.

१६ फेब्रुवारी

आज माझ्याकडे आली. शेवटचं घर माझं.

मी म्हटलं, अगं मी तर आहेच, मला काय मागतेस? ती बसली. शाल काढली. चहा घेतला. माझ्या कोंबड्यांचं विचारलं. तिच्या मुलाचं सांगितलं, दूर पुंता अरेनासला असतो, फोन करत नाही. माझा जीव वरखाली. म्हटलं, बोल लवकर.

"लवकर नसतं हे, ओर्फेलिना."

मग शाल पुन्हा घेतली, उठून उभी राहिली, आणि म्हणाली, "ओर्फेलिनाबाई, माझं घर टेकडीवर न्यायचंय. मला एकटीला जमणार नाही. तुम्ही याल का?"

मला 'तुम्ही' म्हणाली. चौथीत एका बाकावर बसायचो आम्ही, तेव्हापासून माझी वेणी ओढत आलीय.

येईन म्हटलं.

२३ फेब्रुवारी

अंग इतकं दुखतंय की पेन धरवत नाही. तरी लिहिते.

बेचाळीस माणसं. समोरच्या बेटावरून दोन बोटी भरून आले, त्यांना तर कुणी विचारलं तेही मला माहीत नाही. बैलांच्या सहा जोड्या. खिडक्यांच्या काचा काढल्या, धुराडं उतरवलं. चूल राहू दिली, देओलिंदा ऐकेना. रुदेसिंदो सगळ्यात पुढे. मला बघून म्हणाला, "आज डबे नाहीत ना अध्यक्षीणबाई? मग ठीक." मी म्हटलं, बैलांकडे बघ, तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

घर हललं तेव्हा आवाज आला, बोट पाण्यात सोडताना येतो तसा. ओढ्याच्या वळणावर अडकलं. दोरी तुटली, तीन माणसं चिखलात, त्यात नोएलिया. उठली ती चिखलासकट दोरीला लागली. कुणी तिला काही सांगितलं नाही, तीही कुणाला काही बोलली नाही. चढ संपेपर्यंत आम्ही सगळे नुसते ओरडत होतो. काय ओरडत होतो कुणालाच माहीत नाही.

देओलिंदा वर आधीच पोचलेली, उघड्यावर मोठी पातेली लावून. बटाट्याचे वडे, डुकराचं मटण, सफरचंदाची दारू. कुणाला हात लावू दिला नाही. मी पळी उचलली तर माझ्या हातावर मारली.

नाच झाला. मीही. एकदाच.

२ मार्च

ऑफिसचा माणूस आला. देओलिंदानं तिच्याच दारात, टेकडीवर, सही केली. नऊ.

नोएलियाला म्हटलं, झालं तुझं काम. म्हणाली, "माझं कुठलं, मावशी?" खोटं बोलत नव्हती, असं दिसलं. मी तिला धुरावलेले शिंपले दिले एक माळ.

१९ मार्च

घरं कधी बांधायला घेणार, कुणी सांगत नाही. फोन केला. वाजत राहतो.

१७ एप्रिल

नोएलिया आली. एकटी, सरकारी गाडी नाही, बसनं. दारातच कळलं.

नवं सरकार आलंय. योजनेवर फेरविचार. म्हणजे बंद. आमचीच नाही, सगळ्या किनाऱ्याची. तिची नोकरीही गेली. ते तिनं शेवटी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

"पत्र आलं असतं मावशी, महिन्याभरानं. म्हटलं पत्रानं कळू नये."

मी ऑफिसला, सरकारला, राष्ट्राध्यक्षाला, सगळ्यांना शिव्या घातल्या. तिनं अडवलं नाही. मग घरोघरी गेली. नऊही घरी, टेकडीवर देओलिंदाकडेसुद्धा. प्रत्येक ठिकाणी बसली, चहा घेतला, मग सांगितलं. रुदेसिंदो म्हणाला, सरकारचा माणूस 'नाही' सांगायलाही घरी आला, असं पहिल्यांदा पाहिलं. टोमणा नव्हता तो.

बसपर्यंत सोडायला गेले. म्हटलं, जेवत जा नीट.

१८ एप्रिल

वारा. भरतीचं पाणी रुदेसिंदोच्या पायरीपर्यंत. आठ घरं खाली आणि एक वर. वरच्या घराच्या धुराड्यातून धूर निघतोय, इथून दिसतो. बघवत नाही, आणि बघणं सोडवतही नाही.

४ मे

पाणी पुन्हा आत शिरलं. माझ्याही घरात, घोट्यापर्यंत. कोंबड्या टेबलावर. खरा हिवाळा तर पुढेच आहे, जून-जुलैत.

५ मे

सकाळी रुदेसिंदो आला. टोपी काढली, चुलीपाशी बसला. चहा दिला. पावसाचं बोलला. बैलांचं बोलला. मी म्हटलं, काय हवंय तुला, लवकर सांग.

"लवकर नसतं हे, ओर्फेलिनाबाई."

मग उठून उभा राहिला.

६ मे

केस विंचरले. चांगली शाल काढली. आधी देओलिंदाकडे जाणार, मग बाकीच्यांकडे. माझ्या घरासाठी.