शुक्रवार पेठेतले ब्रिटिश मामा

२० डिसेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. मराठीत लिहितोय, कारण माझं इंग्रजी फार वरच्या दर्जाचं आहे आणि सोलापुरात ते वाया जातं.

परिस्थिती अशी. जन्म शुक्रवार पेठ, पासपोर्ट ब्रिटिश. लेस्टरच्या बस कंपनीत तीस वर्षं प्रवाशांच्या तक्रारींना उत्तरं दिली, त्यामुळे कुठल्याही भांडणाकडे दोन्ही बाजूंनी बघायची सवय. बायको गेल्यावर घरात दुसरी बाजूच उरली नाही. म्हणून थंडीपुरता अक्काकडे आलो.

संकल्प दोन. इथल्या कशालाही नावं ठेवायची नाहीत. इथल्या राजकारणात पडायचं नाही. निरीक्षक म्हणून राहायचं.

त्याच दिवशी, दुपार
नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. नावं ठेवली.

२१ डिसेंबर
मेडिकलमध्ये गेलो. रांग नव्हती, म्हणून मी लावली. रांगेत मी एकटाच. माझ्या खांद्यावरून, काखेखालून हात घालून सात-आठ जण गोळ्या घेऊन गेले. शेवटी दुकानदारानं विचारलं, काका, कुणाची वाट बघताय. मी म्हटलं, माझ्या नंबरची. त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी पाजलं. चक्कर आली असावी असं त्याला वाटलं.
उदाहरण घालून दिलं. आता हळूहळू फरक पडेल.

२४ डिसेंबर
घरात बातमी. भुवनेश्वरी महापालिकेला उभी राहतेय. अपक्ष. भुवना म्हणजे अक्काची मुलगी. घरी शिकवण्या घेते. दोन वर्षं गल्लीतल्या बायकांना घेऊन पाण्यासाठी ऑफिसचे जिने झिजवले. आता म्हणते, मामा, जिन्यावर उभं राहून काही होत नाही, आत खुर्चीवरच बसावं लागतं.
समोर बिभीषणअण्णा. दोनदा निवडून आलेले. पाणी आलं नाही की गल्लीत टँकर येतात, ते त्यांच्या मेव्हण्याचे. सगळ्यांना माहीत आहे, कुणी बोलत नाही.

भुवनाकडे सगळं आहे, फक्त अनुभव नाही. तो माझ्याकडे आहे. तिकडे तीस वर्षं एकही मतदान चुकवलं नाही. ज्याला मत दिलं तो कधीच निवडून आला नाही. म्हणजे मी लाटेबरोबर वाहणारा माणूस नाही. शिवाय एका वर्षात तीन पंतप्रधान बघितलेत. मधल्या बाईंचं नाव मला पाठ होईपर्यंत त्या घरी गेल्या होत्या. इतकं राजकारण जवळून बघितलेला माणूस या पेठेत दुसरा नसेल.

दुसरा संकल्प थोडा सैल केला. पडायचं नाही, पण मार्गदर्शन करायचं.
अक्काला सांगितलं. ती शेंगा भाजत होती. म्हणाली, सुम्म कुंद्रो. म्हणजे गप बस. प्रेमानं म्हणाली.

३ जानेवारी
चिन्ह मिळालं. कपबशी. मला शुभशकुन वाटला. मी सुचवलं की प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाला व्यवस्थित कपबशीतून चहा द्यावा, आधी चहा, मग वरून दूध, साखर वेगळी.
प्रचाराची सगळी धावपळ मल्लेश करतो. टेरी टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, भुवनाकडे त्याची मुलगी शिकते. तो म्हणाला, मामा, हितं लोक बशीतनं पितेत की, कप नुसता ओतायला. मी म्हटलं, सवयी बदलता येतात. तो म्हणाला, व्हय, मतदानानंतर बदलू.

४ जानेवारी
आज प्रत्यक्ष दारोदार. ब्रिटिश पद्धत अशी: बेल वाजवायची, दोन पावलं मागं सरकायचं, मतदाराचं म्हणणं ऐकायचं, वाद घालायचा नाही.
पहिलं घर रत्नम्मांचं. म्हाताऱ्या बाई, विड्या वळतात. त्यांनी सांगितलं, नातू तापानं फणफणला होता तेव्हा बिभीषणअण्णांनी स्वतःच्या गाडीतनं दवाखान्यात नेलं. मुद्दा योग्य वाटला. तसं कबूल केलं. त्या खूश झाल्या. मला कडक भाकरी आणि चटणी बांधून दिली.
मल्लेश बाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला होता. ऊन लागलं असेल. जानेवारीतही इथं ऊन असतं.

सगळे मला लंडनचे मामा म्हणतात. लंडन नाही, लेस्टर, असं दिवसभर सांगितलं. एकानं विचारलं, लेस्टर म्हणजे लंडनच्या अलीकडं का पलीकडं. मी म्हटलं, वर. तो आकाशाकडे बघायला लागला.

५ जानेवारी
मोठी कल्पना. जाहीर चर्चा. दोन्ही उमेदवार एका व्यासपीठावर, प्रत्येकाला पाच मिनिटं, मग लोकांचे प्रश्न, अध्यक्ष तटस्थ. तिकडे प्रत्येक निवडणुकीला चर्चच्या हॉलमध्ये होते. मी स्वतः दोनदा खुर्च्या मांडल्यात.
मल्लेश म्हणाला, नको. अक्कानं नुसतं माझ्याकडे बघितलं. पण भुवना विचार करून म्हणाली, करू या. टँकरचं त्यांना समोरासमोर कुणी विचारलंच नाही आजवर. मला तेवढं एक विचारू दे.
अध्यक्ष मी.

७ जानेवारी, संध्याकाळ
चर्चा झाली. अतिशय यशस्वी. मैदान भरलं होतं.

बिभीषणअण्णा माणसं घेऊन आले, तीही रांगेत, हे नमूद करण्यासारखं. स्टेजवर आल्याआल्या माझ्या पाया पडले. मग शाल, हार. म्हणाले, आमच्या पेठेचा माणूस साहेबांच्या देशात नाव करून आला. मी नको नको म्हणत होतो, पण हाराचं तोंड मोठं होतं, लगेच गेला गळ्यात.

आधी भुवना बोलली. काय बोलली. मुलीचा आवाज जरा कापत होता, पण शब्द नाही. कोणत्या महिन्यात किती दिवस पाणी आलं, कोणत्या गल्लीत बायकांनी कामावर खाडे करून घागरी भरल्या, सगळं तोंडपाठ. मग ती अण्णांकडे वळली आणि म्हणाली, आता एकच विचारते, पाणी बंद झालं की अर्ध्या तासात जे टँकर…
इथं पाच मिनिटं संपली. मी घंटा वाजवली. अक्काच्या देव्हाऱ्यातली होती, आवाज खणखणीत. मागून काही बायका म्हणाल्या, बोलू द्या की तिला. पण नियम म्हणजे नियम. नातेवाईक आहे म्हणून सूट दिली असती तर लोकांनी काय म्हटलं असतं. भुवना क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि खाली बसली.

अण्णांची पाच मिनिटं संपली तेव्हा ते थांबले, माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, मामांची परवानगी असेल तर दोन शब्द. इतक्या अदबीनं मागितलेली परवानगी नाकारणं असभ्य. त्यांचे दोन शब्द बराच वेळ चालले. त्यात त्यांनी पाण्याचा विषयही घेतला. म्हणाले, पाणी ही देवाची देणगी आहे.

शेवटी रत्नम्मा उठल्या. म्हणाल्या, मामा, आमाला एवढं मोठं काय कळत न्हाय. तुमी शिकलेलं हाय. तुमीच सांगा, मत कुणाला द्यावं.
सगळं मैदान माझ्याकडे. भुवनापण. मी उभा राहिलो आणि म्हटलं, अध्यक्षाला बाजू नसते. दोन्ही उमेदवार तोडीस तोड आहेत.
टाळ्यांचा कडकडाट. जास्त करून अण्णांच्या बाजूनं, हे त्यांच्या मनाचा मोठेपणा दाखवतं.
घरी येताना भुवना बोलली नाही. घसा बसला असेल.

९ जानेवारी
चौकात माझा फ्लेक्स लागला आहे. मी आणि बिभीषणअण्णा, हार, शाल. फोटो चांगला आलाय, पोट दिसत नाही. वर लिहिलंय: ‘लंडनचे मामाही म्हणतात, बिभीषणअण्णांना तोड नाही.’
हे साफ चूक आहे. कडक शब्दांत निषेधाचं पत्र लिहिलं आणि स्वतः अण्णांच्या ऑफिसात नेऊन दिलं. दोन चुका दाखवल्या. एक, मी असं म्हणालो नाही. दोन, लंडन नाही, लेस्टर.
अण्णांनी पत्र पूर्ण वाचलं. चहा मागवला. संध्याकाळच्या आत ‘लंडनचे’वर ‘लेस्टरचे’ असा स्टिकर लागला. लेस्टरच्या नगरपालिकेत एवढ्या कामाला सहा महिने गेले असते.
उरलेल्या चुकीचं उद्या बघतो म्हणाले.

१० जानेवारी
मल्लेश सकाळीच रिक्षा घेऊन दारात. म्हणाला, मामा, तुमच्यासाठी खास काम हाय. होटगीला जायचं. शिवयोगीच्या शेतावर राहायचं, ग्रामीण भागाचा अभ्यास करायचा. मी म्हटलं, होटगी आपल्या प्रभागात येतं का. तो म्हणाला, महापालिकेतच येत न्हाय, म्हणूनच तर. लांबनं चित्र स्पष्ट दिसतंय की.
पटलं. मोठे स्ट्रॅटेजिस्ट कधी चौकात उभे नसतात.
अक्कानं बॅग भरून ठेवली होती. पाच दिवसांचे कपडे. मतदानाला पाचच दिवस आहेत, केवढा हिशेबी स्वभाव.

१२ जानेवारी, होटगी
शिवयोगी म्हणजे आमचा चुलतभाऊ. दिवसभर ज्वारीत असतो. त्याला निवडणुकीचं विश्लेषण ऐकवलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, तिकडं म्हशी किती दूध देतेत. मी म्हटलं, तिकडे म्हशी नसतात. त्यानंतर त्याचा माझ्यातला रस कमी झाला.
संध्याकाळी जंक्शनवर जाऊन बसलो. गाडी उशिरा आली. अनाउन्समेंटमध्ये खेद व्यक्त केला. तीस वर्षं मी हेच वाक्य लिहीत होतो. बरं वाटलं ऐकून.
भुवनाला फोन केला. उचलला नाही. गड्ड्याची जत्रा, म्हणजे आमची संक्रांतीची मोठी यात्रा, सुरू आहे, सगळं शहर तिकडे, तीही तिथेच फिरत असणार. आवाजात ऐकू येत नाही.

१३ जानेवारी, होटगी
भुवनाला फोन केला. उचलला नाही.
रात्री नको, सकाळी करतो.

१४ जानेवारी, होटगी
अक्कानं उचलला. म्हणाली, पोरगी पायाला फोड येईपर्यंत फिरतेय. फ्लेक्सचं लोक विचारतेत, तिनं काय सांगायचं. मी म्हटलं, सांग की तो निष्पक्षपणाचा विपर्यास आहे. अक्का म्हणाली, बरं. आणि फोन ठेवला.
विपर्यास हा शब्द तिला जड गेला असेल.

१५ जानेवारी
मतदान. सकाळच्याच एसटीनं परत. मला मत नाही, ब्रिटिश आहे. शाळेच्या फाटकाबाहेर, हद्दीच्या रेषेच्या अलीकडे उभा राहिलो. लोकांना रांग लावायला सांगितलं. लावलेलीच होती.
रत्नम्मा बाहेर आल्या, शाईचं बोट दाखवलं. म्हणाल्या, दिलं बघा अण्णाला. मी म्हटलं, का बरं. म्हणाल्या, तुमीच म्हणला की दोगं बी तोडीस तोड. मग म्हटलं, दोगं सारकंच असतील तर वळकीचा बरा. न्हायतर भुवनालाच देणार हुते, पोरगी लई राबली.
त्यांच्या मागं उभ्या तिघी-चौघीजणी माना हलवत होत्या.
हा अपवाद असणार. अंदाज: भुवना, भरघोस मतांनी.

१६ जानेवारी, संध्याकाळ
भुवना पडली. थोडक्यात. मल्लेश म्हणाला, आमच्या दोन गल्ल्यांतनं जेवढी मतं यायला हवी होती तेवढी आली असती तरी निवडून आली असती. कोणत्या दोन गल्ल्या ते मी विचारलं नाही. त्यानं सांगितलंही नाही.

दुपारी सगळे ओसरीवर गप्प बसलेले. वातावरण हलकं करावं म्हणून मी सांगितलं, तिकडे हरलेला उमेदवार स्टेजवर जाऊन जिंकलेल्याचा हात हातात घेतो. तेवढ्यात अण्णांची मिरवणूक गल्लीत शिरली. हलगी, गुलाल. घरासमोर थांबली. ओरडायला लागले, मामा, खाली या.

मी गेलो. अभिनंदन करणं ही सभ्यता. घराण्याच्या वतीनं कुणीतरी करायला हवं होतं. हात पुढे केला, तर दोघांनी उचलून खांद्यावरच घेतलं. गुलाल डोळ्यांत, नाकात, तोंडात. खांद्यावरून गल्ली चांगली दिसते. अक्का दारात उभी होती. शेजारी भुवना. पाय पट्टीत गुंडाळलेले. मी तिला हात केला. तो माझ्या बाजूनं सांत्वनाचा होता, पण खालून कसा दिसला असेल सांगता येत नाही.
तिनं दार लोटून घेतलं. आपटलं नाही.

मिरवणूक पुढच्या गल्लीत गेली तेव्हा त्यांनी मला खाली ठेवलं. तेव्हापासून पायरीवर बसलोय. दाराला कडी आहे की नाही, बघितलेलं नाही. ब्रिटिश माणूस स्वतःहून आत जात नाही, बोलावण्याची वाट बघतो. अंगाला खाज सुटली आहे.

थोड्या वेळानं
भुवना बाहेर आली. हातात बादली, तांब्या, टॉवेल. लंगडत होती. पायरीवर माझ्या शेजारी बसली. मला वाटलं रडेल किंवा ओरडेल, दोन्हीची तयारी केली होती. तिनं साध्या आवाजात विचारलं, मामा, तुम्हाला मत असतं तर कुणाला दिलं असतं?
मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला. तुला.
ती म्हणाली, तेवढंच बोलायचं होतं की स्टेजवर.
मी म्हटलं, अध्यक्षाला बाजू नसते. नियम आहे.
ती हो म्हणाली. मग म्हणाली, कानातपण गुलाल गेलाय, मान वाकडी करा. आणि तांब्यानं पाणी घालत राहिली.