राहिलेला कापूस

आईला सुजलेल्या नाकाने नमस्कार,

काळजी करू नकोस, नाक मोडलेलं नाही, नुसता घोळणा फुटलाय. जेवण वेळेवर होतंय.

काल हँडबॉलची फायनल होती, तुझ्या जुन्या क्लबची आणि नदीपलीकडच्यांची. त्यांच्या एका धिप्पाड पोरीने मला गोलच्या खांबावर आदळलं. मग मीही तिच्या ओठावर कोपर हाणलं. रक्ताची चिळकांडी थेट रेफरीच्या शर्टवर! मला दोन मिनिटं बाहेर बसवलं, तरी आम्हीच जिंकलो.

इथला रिवाज तुला ठाऊकच आहे: जिने रक्त काढलं, तिनेच मॅचनंतर कापूस लावायचा. आम्ही दोघी एकमेकींना कापूस लावत होतो आणि शिव्या घालत होतो, तेवढ्यात त्यांच्या कोचबाई आल्या.

"हे कोपर ओळखीचं आहे. कुणाची गं तू?"

तुझं नाव सांगितलं तशा त्या हसल्या. पुढचे दोन दात नाहीत.

आणि तू म्हणायचीस, आमच्या वेळी पोरी कशा सभ्यपणे खेळायच्या!

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नकोस. कोचबाईंनी तुला निरोप दिलाय: "आईला म्हणावं, त्या दिवशी पळालीस. माझा कापूस अजून राहिलाय."

तुझंच कोपर घेतलेली,
धाकटी